तळं आटलं की विहीर

वळसंग
१८ नोव्हेंबर

दादा,

शाळेत पत्राच्या वर साष्टांग नमस्कार लिहायला शिकवलं होतं. पण तू एका जागी उभा असतोस कुठं, की तुला नमस्कार घालावा. म्हणून नुसतंच दादा.

तू सिमकार्ड काढून फेकलंस हे आबांकडून कळलं. माझाही फोन आता यांच्याकडे असतो. फोनचा आवाज बाळाला बाधतो असं सासूबाई म्हणतात, बरोबरच असेल. सोलापूरच्या सुंदरम्मांच्या खानावळीचा पत्ता तू मागं दिला होतास, तो पाकिटावर जगदेवीकडून लिहून घेतलाय. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. पेटीत टाकायच्या आधी पत्र हे एकदा वाचून बघतात. शुद्धलेखनासाठी.

बातमी अशी की मी बारावीचा फॉर्म भरलाय, बाहेरून. लग्नात राहून गेलेली परीक्षा. जगदेवी मागच्या वर्षी पास झाली, तीच शिकवते. माझी नणंद म्हणून नाही सांगत, आणि तुझ्यासाठी बोलून ठेवलेली म्हणूनही नाही, पण पोरगी हुशार आहे. बाकी सगळं जमतं, इंग्रजी जीव घेतं. गाइडात एक क्रियापद आहे, इंटररिलेट. समोर अर्थ, परस्परांशी संबंध असणे. खाली समानार्थी शब्द: कनेक्ट, लिंक, असोसिएट, इंटरलॉक. मग म्हणे वाक्यात उपयोग करा. मला वाक्यं मराठीत सुचतात आणि इंग्रजीत त्यांची माती होते. खानावळीच्या वर शिकवणी घेणाऱ्या उत्कर्षाताई आहेत म्हणाला होतास ना? त्यांना ही दाखव आणि इंग्रजी करून पाठव.

तळं आणि विहीर आतून जोडलेली असतात. तळं आटलं की विहीर आटते.

गाडीची दोन चाकं एका कण्यावर असतात. एक काढून नेलं तर दुसऱ्यानं उभं कसं राहायचं?

जगदेवीला अठरा पूर्ण होऊन वर्ष झालं. सासूबाई तुझी आठवण काढतात. रोज काढतात.

वाक्यं नीट वाच.

ऋतुजा


अकलूज
६ डिसेंबर

ऋते,

तुझं पत्र सुंदरम्मांनी लोणच्याच्या बरणीमागं ठेवलं होतं, पाकिटाला तेल लागलंय. वाचतावाचता भूक लागली. उशीर झाला कारण मी सोलापुरात नव्हतोच. आधी तिथं टॉवेलच्या कारखान्यात लागलो होतो, पण दिवसभर मागांचा खडखडाट, आणि महिनाभर एका जागी राहिलो की माझ्या छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं, तुला माहीतच आहे. तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टरवाला चहाला थांबला. चल म्हणाला, गेलो. आता अकलूजला आहे, मधे एका रात्रीपुरता खानावळीतल्या खोलीवर आलो तेव्हा पत्र हाती आलं. ऊस खाऊन खाऊन जीभ सोलली. काल एका डेअरीत दुधाची फॅट काढायचं मशीन बघत उभा राहिलो तर तिथल्या माणसाला वाटलं मी साहेब आहे, मला खुर्ची दिली. बसलो. मग खरे साहेब आले. ते जाऊ दे, काय लिहीत होतो? हां, वाक्यं.

ताईंना अजून दाखवली नाहीत, पण दुसरं चुकलंय हे मीच सांगतो. एक चाक काढलं तरी दुसरं उभं राहतं की. गाडी कलते, एवढंच. खाली दगड लावायचा. आणि तळ्याविहिरीचं म्हणशील तर आपल्याकडं दोन्ही आपापली आटतात, त्याला एकमेकांची गरज पडत नाही.

आता जगदेवीचं. तुझ्या सासूनं, गंगम्मांनी, आणि आबांनी तुझ्या लग्नाच्या मांडवात बसून साट ठरवली, पोरीला पोरगी. तू तिकडं, ती वयात आली की इकडं. मानपान नाही, देणंघेणं नाही, सगळे खूश. मला कुणी विचारलं? मी तेव्हा टेंपोत झोपलो होतो. ऋते, मी वाईट माणूस नाही, पण मी घरात ठेवायची वस्तू नाही. माझ्या गळ्यात कुणाची पोरगी बांधायची म्हणजे तिला चालत्या गाडीच्या मागं बांधायची. म्हणून येत नाही. मी डोळ्यांसमोर नसलो की विषय थंड पडेल. तुझं सगळं सुरळीत आहे, मुलगा झालाय, आता कोण कशाला जुनं उकरतंय?

बाळाचा फोटो असला तर पाठव. नाक कुणाचं आहे?

सिदू


वळसंग
१५ डिसेंबर

दादा,

नाक तुझं आहे. सासूबाई ते बघून म्हणतात, नाक आलं, मामा कधी येणार?

फोटो पाठवता येत नाही. तूच ये. जानेवारीत संक्रांतीनंतर बाळाचं जावळ काढायचं ठरतंय. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं, हे तुला सांगायला नको. न्हावी, नारळ, जेवण, सगळं यांनी ठरवलंय. मामाची मांडी तेवढी आपल्या घरची लागते. आबा मेंढरं घेऊन तिकडं लांब गेलेत आणि आईला एसटी लागते, तिला उलट्या होतात. म्हणजे तूच. सकाळी येऊन संध्याकाळी जा. कुणी तुला बांधून ठेवणार नाही.

आम्ही सगळे मजेत आहोत. मी आता चुलीपाशी झोपत नाही, मला पडवीत जागा दिली आहे, तिथं अभ्यासाला बरं पडतं. बाळ आत आजीजवळ झोपतं. त्याला आजीची सवय होऊ दे म्हणतात. आत्तापासून.

नवी वाक्यं लिहिते. जुनी आणि ही, सगळी एकत्र ताईंना दाखव, दादा. सुटी सुटी दाखवू नकोस.

शेळी आणि करडू वेगळ्या खुंटाला बांधता येतात, पण दोघंही ओरडतात.

ज्या घरचं माणूस येत नाही, त्या घरचं माणूस परत पाठवतात.

जगदेवी म्हणाली, दुसऱ्या वाक्याला कनेक्ट चालणार नाही. मी म्हटलं, मग काय चालेल? ती भाकरी थापत बसली.

ऋतुजा


कुर्डुवाडी
१७ जानेवारी

ऋते,

रागावू नको. पत्र मला गेल्या आठवड्यात मिळालं. ट्रॅक्टर सोडला, मग कुर्डुवाडीला आलो. जंक्शनावर चहा विकतो. इथं बरं वाटतं, कारण इथला प्रत्येक माणूस कुठंतरी निघालेला असतो, मी एकटाच थांबलेला, त्यामुळं थांबल्यासारखं वाटत नाही. मधे दोन दिवस सोलापूरला गड्ड्याची यात्रा बघायला गेलो. आकाशपाळण्यात बसलो आणि वर गेल्यावर वीज गेली. तिथून वळसंगची दिशा कुठली ते शोधत होतो. तुला काही सांगायचं होतं, पण वीज आली.

जावळाला मी येत नाही. ऋते, मी आलो की परत जाऊ देणार नाहीत. गंगम्मा मला ताट वाढतील, जगदेवी पाणी देईल, चार म्हातारे समोर बसतील, आणि मला नाही म्हणता येत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी नाही म्हणायच्या जागी जातच नाही.

पण मांडीची सोय केली आहे. यात्रेत सांगोल्याकडच्या एका म्हाताऱ्याचं घोंगड्यांचं दुकान होतं. एक घेतलं, काळं, काठाला पांढरी रेघ, अजून लोकरीचा वास जात नाही. वळसंगला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय. त्यावर बाळाला बसवा आणि समज की मामाची मांडी आहे. मऊ नाही, टोचतं, म्हणजे माझ्यासारखंच.

वाक्यांबद्दल. करडू दोन दिवस ओरडतं, मग पाल्याला तोंड लावतं, आबांना विचार. शेळीचं मात्र खरं आहे, ती दूध आटेपर्यंत ओरडते. पण वाक्यं लई दुःखी करतेस बाई. परीक्षा घेणारे वैतागतील. काहीतरी रेडिओ आणि तारेचं लिही.

ताईंना दाखवतो. यात्रेच्या नादात राहून गेलं, आता सोलापूरला गेलो की पहिलं तेच.

सिदू


वळसंग
२९ जानेवारी

दादा,

जावळ झालं. तुझं घोंगडं मिळालं.

तुला माहीत नसेल, मलाही नव्हतं. आपल्याकडं सुपारी फुटली की शब्द. यांच्यात नवऱ्या मुलाच्या घरून नवं घोंगडं आलं की शब्द. सासूबाईंनी ते दारातच दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि रडल्या. मी आल्यापासून दोन वर्षांत त्यांनी कुणासमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. मग साखर वाटली. बाळाला त्यावर बसवलं, न्हाव्यानं जावळ काढलं, आणि म्हाताऱ्यांनी तिथंच तारीख धरली. दहा फेब्रुवारी. माझ्या इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी. आबांना निरोप गेलाय, त्यांनी हो म्हटलं.

सगळे खूश आहेत. मला आज बाळाजवळ झोपू दिलं.

मी सांगायला गेले, की माझ्या भावानं ते बाळासाठी पाठवलं. सासूबाई म्हणाल्या, घोंगडं काय बाळाच्या मापाचं आहे का? आणि मापाचं नव्हतंच, दादा.

जगदेवीनं हळदीची साडी बघितली आणि छान आहे म्हणाली. नंतर मला भूगोलाचा नकाशा समजावत होती, पेन्सिल रेल्वेच्या रेषेवरून फिरवत राहिली, धडा तो नव्हता.

एकच वाक्य राहिलंय.

एका दाव्याला दोन गळे बांधलेले असले आणि एकानं हिसका दिला, तर फास दुसऱ्याला बसतो. मग शेळी हाकलतात आणि करडू ठेवून घेतात.

ताईंना दाखव. पेपर जवळ आला. कुणाला तरी दाखव.

ऋतुजा


सोलापूर
४ फेब्रुवारी

ऋते,

हे पत्र टपालानं येणार नाही. ताईंच्या जुन्या गाइडाच्या कव्हरात घालून, त्यांच्या नावानं जगदेवीकडं पाठवतोय. तुझा नवरा शुद्धलेखन तपासतो, गाइड तपासत नाही.

मी परवा आलो. घोंगड्याचं वाचलं आणि पहिलं काय केलं सांगू? पुन्हा स्टँडावर गेलो. नांदेडची गाडी लागली होती, एक पाय आत होता. मग आठवलं, ताईंना वाक्यं दाखवायची राहिलीत. कुठलंही काम पुरं न करणारा मी, त्या दिवशी मला तेच आठवलं. खाली उतरलो.

उत्कर्षाताई पोरांना शिकवत होत्या. त्यांनी तिन्ही कागद ओळीनं मांडले. आधी म्हणाल्या, कनेक्ट म्हणजे नळ टाकीला जोडला, टाकीला त्याचं काही नसतं. ह्या क्रियापदाला मात्र दोन लागतात, आणि ओढ दोन्हीकडं बसते. मी मान हलवत होतो, माझं लक्ष खिडकीबाहेर पतंगाकडं. मग त्यांनी पहिल्या कागदापासून पुन्हा वाचलं. पोरांना घरी पाठवलं. चष्मा काढला आणि मला विचारलं,

"केवढं आहे?"

मी म्हटलं, "काय?"

"करडू."

ऋते, मी हसलो होतो तेव्हा. आधी हसलो. मग कागद ओढून घेतले आणि पहिल्यापासून वाचले.

ताई म्हणाल्या, ही मुलगी अभ्यास करत नाही, ही नोव्हेंबरपासून हाक मारतेय. सुंदरम्मा जेवण वाढायचं थांबून दारात उभ्या होत्या. त्या मला कधी वेडंवाकडं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, सिदप्पा, तू चाकाखाली दगड लाव म्हणून लिहिलंस ना? तो दगड ती होती.

चाक, शेळी, विहीर, सगळं मी दुरुस्त करत बसलो. करडू दोन दिवसांत गप्प होतं असं तुला लिहिलं. ते वाचून तू काय केलं असशील ते मला सांगू नको, कधीच सांगू नको.

मी येतोय. नऊ तारखेला, हळदीला. लग्न करतो. टिकेन का माहीत नाही, छातीवरचं जातं उचलेल का माहीत नाही, पण मांडवात बसेन. तुला आणि बाळाला कुणी वेगळं करणार नाही. जगदेवीला सांग, किंवा नको सांगू. तिला काय सांगायचं हे मला कळत नाही. तिचा यात काय गुन्हा आहे?

पडवीत झोपू नको. थंडी आहे.

सिदू


सोलापूर
९ फेब्रुवारी

सिदू यांस,

मी जगदेवी. हे पत्र सुंदरम्मांच्या खानावळीत, तुमच्याच खाटेवर बसून लिहिते आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव उत्कर्षाताईंचं घातलंय. तुम्ही आमच्या घरी पाहुणे आहात, तुमचं पत्र कुणी उघडणार नाही.

गाइडातलं तुमचं पत्र वहिनींच्या आधी मी वाचलं. तुम्ही फाशी जायला निघाल्यासारखं लिहिलं आहे. माझ्याशी लग्न म्हणजे कुणाला एवढं मोठं संकट वाटतं, याचा आधी राग आला. मग हलकं वाटलं, कारण मलाही तसंच वाटत होतं, फक्त मला कुणाला लिहायचं नव्हतं. मला नर्सिंगला जायचं आहे. दोन वर्षं मी गप्प बसले, कारण मी नाही म्हटलं असतं तर माझ्या आईनं, अव्वानं, राग वहिनींवर काढला असता. तुमच्या शब्दासाठी वहिनी ओलीस, आणि वहिनींसाठी मी. तुम्ही तिकडं आकाशपाळण्यात.

तुम्ही येणार हे कळलं आणि पहिल्यांदा मला निघता येईल असं दिसलं. नवरा आलाच नाही तर दोष तुमचा, आणि वहिनी घराबाहेर. नवरा आला, हळदीला बसला, आणि नवरीच नाही, तर दोष आमचा. मग अव्वा कुणाला काय बोलणार? वहिनींना यातलं काही माहीत नाही. त्यांना खोटं बोलावं लागू नये म्हणून सांगितलं नाही.

आज सकाळी शेजारच्या गावी शिवायला टाकलेलं ब्लाउज आणायला जाते सांगून निघाले. सोलापुरात मला एकच पत्ता येत होता, मीच पाकिटांवर लिहिलेला.

एक सांगायचं आहे. स्टँडावर मी तुम्हाला पाहिलं. घरात वहिनींच्या लग्नाचा फोटो आहे, त्यात तुम्ही कडेला जांभई देताय, त्यावरून ओळखलं. नवा शर्ट होता, केसांना तेल होतं, आणि अक्कलकोट गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून तुम्ही बराच वेळ उभे होता. मी खांबामागं होते, तोंडाला स्टोल. मला वाटलं, हा आता उतरणार. मी हाक मारली असती तर तुम्ही गेला नसता. म्हणून मारली नाही. तुम्ही तिथं पोचणं गरजेचं होतं. तुम्ही मला एकदा क्षमा करा, वहिनींना सगळं सांगा, आणि त्यांना पेपरला न्या. इंग्रजीचा पेपर मंगळवारी आहे.

माझा भाऊ मला शोधेल. तो वाईट नाही, पण सापडले तर तो अव्वाचं ऐकेल.

जगदेवी


वळसंग
२० फेब्रुवारी

जगदेवी,

पाकिटावर सुंदरम्मांचं नाव आहे, आत तुम्ही. हे मी शिवेबाहेर मेंढरांमागं बसून लिहितोय आणि टाकायला दुसऱ्या गावाला जाणार आहे.

त्या दिवशी मी पायरीवर उभा होतो ते खरं. उतरणार होतो तेही खरं. मागून एका म्हातारीनं टोपलीनं ढोसलं म्हणून आत गेलो. माझ्या आयुष्यात मी वेळेवर पोचलो तो एकदा, आणि तो असा.

मांडवात ऋतुजानं मला बघितलं आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. टक्कल झालंय त्याचं. नाक खरंच माझं आहे. मी त्याला घेऊन पाटावर बसलो, अंगाला हळद, आणि आत तुमची शोधाशोध सुरू झाली. दुपारनंतर सगळ्यांचे डोळे आधी ऋतुजाकडं गेले, मग माझ्याकडं, पण मी बसलेलो होतो. बसलेल्या नवऱ्याला काय बोलणार? इथपर्यंत तुमचा हिशोब बरोबर होता.

पुढचं तुम्हाला सुचलं नव्हतं, मलाही नव्हतं. संध्याकाळी आबा आले. मेंढरं दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, नवीन पटका बांधून आले होते. ऐकलं आणि उभ्या उभ्या म्हणाले, "शब्द त्यांनी मोडला. ऊठ ऋतुजा, घरला चल."

कुणीतरी विचारलं, बाळ?

"बाळ त्यांचं. त्यांच्याकडं ऱ्हाऊ दे."

जगदेवी, वाक्य तेच होतं. नोव्हेंबरपासून ती लिहीत होती तेच. फक्त आता ते माझ्या बापाच्या तोंडून आलं. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि तुमची अव्वा, जिनं तिला पडवीत झोपवलं, ती आली आणि माझ्या हळदीच्या शर्टाला धरून खाली बसली. "पोरगी गेली माझी. आता सून बी न्हेऊ नगा. हात जोडते मी." तिचे हात लई थंड होते. मला वाटायचं ही बाई मांडवात मला बांधायला दावं घेऊन बसली असेल.

मला नाही म्हणता येत नाही, हे मी ऋतीला लिहिलं होतं. त्या दिवशी म्हटलं. म्हटलं, "आबा, नवरा मांडवातनं उठला न्हाय, मग साट मोडली कशी? नवरी येईपर्यंत मी हितंच बसतो. तोवर कुणाचंच माणूस कुणी न्यायचं न्हाय."

आबा म्हणाले, "आणि न्हाई आली तर?"

"तर बसतो."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. असं कुणी कधी केलेलं नव्हतं, त्यामुळं चुकीचं आहे असंही कुणाला म्हणता येईना. आबांनी मला येडं म्हटलं, पटका सोडला आणि न जेवता गेले.

तेव्हापासून इथं आहे. तुमचा भाऊ मायाप्पा तुम्हाला शोधत फिरतो म्हणून तुमच्या घरची मेंढरं मी राखतो. जे काम सोडून मी घरातून पळालो होतो तेच, फक्त मेंढरं दुसऱ्याची. गावातली पोरं मला बिनबायकोचा घरजावई म्हणतात, त्यांना मी खडे मारतो, ते पळतात आणि पुन्हा म्हणतात. मायाप्पा रोज येऊन माझ्यासमोर बसतो. कुर्डुवाडी बघितली, अक्कलकोट बघितलं म्हणतो. नवऱ्याला टाळून पळालेली पोर नवऱ्याच्याच खोलीवर जाऊन बसेल, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. काल तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला सगळं माहीत होतं. तुम्ही सांगितलेलं काम एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं.

पेपरला ऋतुजाला मीच नेलं. बाळाला घेऊन बाहेर लिंबाखाली बसलो. ती बाहेर आली, म्हणाली, दादा, ते क्रियापद आलंच नाही. आणि हसली. मग गाडी येईपर्यंत रडत होती. बाळ आता तिच्याजवळ झोपतं. तुमच्या अव्वानं स्वतः उचलून दिलं.

छातीवर जातं ठेवल्यासारखं होतंय. आज सकाळी मेंढरं घेऊन डांबरी सडकेपर्यंत गेलो, सोलापूरची गाडी आली, कंडक्टरनं हात केला. मी मेंढरांत खाली बसलो, गाडी जाईपर्यंत. उद्या पुन्हा येईल ती. रोजच येते.

तुम्ही परत आला तर लग्न लागेल. मी गेलो तर ऋती जाईल. म्हणजे तुम्ही तिथं टिकायचं आणि मी इथं, आणि दोघांनी एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. नर्सिंगचा फॉर्म ताईंकडून भरून घ्या. खानावळीत पुढच्या दारानं येऊ नका. माझ्या पेटीत स्वेटर आहे तो वापरा, बाहीला भोक आहे, आतून दिसत नाही.

ती खाट डाव्या अंगाला कलते. पायाखाली मी एक वीट लावली आहे. झाडताना सुंदरम्मा ती काढतात, त्यांना सांगा, ती तिथंच राहू द्या.

सिदू